टॉवेलची दोन टोकं

फेब्रुवारीत, गोठलेल्या सरोवरावर,
मासे धरायला पाडलेल्या भोकाच्या काठाशी
तुइस्कूचा मागचा डावा पाय घसरला.
आवाज झाला नाही.
ती खाली बसली आणि माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मीच काहीतरी सांगायचं विसरलो होतो.

कुओपिओच्या डॉक्टरीणबाई हेल्वी
प्लास्टिकच्या गुडघ्यावर पेन्सिल टेकवून म्हणाल्या,
हा दोर तुटलाय.
हाड कापायचं, जरासं फिरवायचं, पट्टी, सहा स्क्रू.
मग आठ आठवडे उडी नाही, पायऱ्या नाहीत.
"घरात आणखी कोण?"
कुत्री आहे, म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
"अडतीस किलो, आणि तुमचा खांदा हा असा.
पोटाखालून टॉवेल घालून उचलावं लागेल, ओइवा.
टॉवेलला दोन टोकं असतात."

माझ्या अंगणातून तार्मोचं धुराडं दिसतं.
अकरा वर्षं अबोला. बापाच्या होडीची मोटर
वाटणीत माझ्याकडे आली, तेव्हापासून.
सकाळी धूर निघाला की कळायचं, आहे.
तेवढं पुरायचं.

त्याच्या दारात उभा राहिलो, हातात टॉवेल.
वाटेत घोकलेलं वाक्य ऐनवेळी आठवेना.
त्यानं टॉवेल पाहिला,
बूट चढवले.

दिवसातून चार वेळा.
सात पायऱ्या खाली, सात वर,
मध्ये बर्फात एक पिवळा खड्डा.
तिची मांडी सोललेल्या कोंबडीसारखी,
गळ्यातला शंकू दाराच्या चौकटीला थडाथड आपटायचा.
गोळी यकृताच्या लगद्यात दडवली
तर लगदा चाटून गोळी चुलीपाशी ठेवायची,
नीट, जणू परत करतेय.
गुडघ्यावर गोठलेल्या ब्लूबेरींची पिशवी, दहा मिनिटं.
वितळून, गोठून, वितळून
त्या ब्लूबेरींचा शेवटी एकच दगड झाला.

आम्ही बोलायचो ते तिच्याशी.
"तुइस्कू, याला सांग, पायरीवर राख टाक."
"तुइस्कू, याला सांग, कालच टाकली."
ती दोघांच्या मधे लटकलेली,
एकदा या तोंडाकडे बघायची, एकदा त्या.
एवढं ओझं कुठल्या कुत्रीनं वाहिलं नसेल.

एप्रिलअखेर क्ष-किरण फोटो आला. हाड जुळलं होतं.
सात पायऱ्या ती आपली आपण चढली,
प्रत्येकीवर थांबून, वास घेऊन.
आम्ही मागे. चार हात मोकळे,
त्यांचं काय करायचं ते कळेना.
तार्मोनं टॉवेलची घडी घातली,
कठड्यावर ठेवली आणि गेला.

तीन दिवस फक्त धूर.

चौथ्या दिवशी खांद्यावर गुंडाळी घेऊन आला.
आईनं चिंध्यांची विणलेली सतरंजी, वाटणीत त्याच्याकडे गेलेली.
कात्रीनं तिच्या लांब पट्ट्या कापल्या होत्या.
"फरशीवर पाय सरकतात तिचे," म्हणाला,
या वेळी माझ्याकडे बघून.
एका पट्टीत बाबांच्या निळ्या सदऱ्याचा रंग होता.
ती मी चुलीसमोर अंथरली.

यंदा दुसराही गुडघा धरलाय. संधिवात.
हेल्वीबाई म्हणतात, तो आता जायचा नाही,
त्याला घरातलाच एक समजा.
थंडी उणे वीसवर गेली की
तुइस्कू तीन हप्त्यांत उठते,
आधी पुढचे पाय, मग एक उसासा, मग उरलेली कुत्री.
निळ्या पट्टीवरून बशीपर्यंत, बशीपासून दारापर्यंत.

तार्मो येतो. कॉफी पितो. साखर किती, हे मला अजून विचारावं लागतं.
मोटरचा विषय निघालेला नाही.
जूनमध्ये त्यानं होडीला एक फळी ठोकली,
तिला चढायला. आम्हीही तिच्यावरूनच चढलो.
पाण्यावर मोटर तीन झटक्यांत सुरू झाली नाही
आणि आम्ही दोघांनी एकदमच
कुत्रीकडे पाहिलं.

"तुइस्कू," तो म्हणाला, "याला सांग,
ही बाबांच्या वेळीही अशीच अडायची."