'ते' कुठे ठेवू

ऐरोलीच्या मैदानात, स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात
मला एक चौकोन आखून दिला होता,
खडूचा, अडीच बाय अडीच फूट.
काळा कुर्ता घाला म्हणाले, हात उठून दिसतात.
पाचशे रुपये तासाला, सही व्हाउचरवर.

समोर दोन रांगा, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या.
प्रत्येकाच्या मांडीवर एक छत्री,
छत्रीवर साहेबांचा चेहरा, घडी घातलेला.

साहेब आधी गुडघ्यांबद्दल बोलले.
म्हाताऱ्यांचे गुडघे, स्वतःचे गुडघे, स्टेशनचा बंद सरकता जिना.
माणूस गोड बोलतो. खोटं कशाला सांगू,
मीही हसले, आणि हसू हातांनी पुढे पाठवलं.
मग पाण्याचा घोट घेऊन, सहज,
"पण मंडळी, ते वाढतायत."

तोंडाच्या भाषेत हे सोपं आहे.
'ते' म्हणायचं आणि पुढे जायचं.
ज्याचं त्याने मनात भरून घ्यायचं.
उद्या कुणी विचारलंच, तर मी कुठे कुणाचं नाव घेतलं?

हातांच्या भाषेत ही सोय नाही.
माझी आई बहिरी. दिघ्याच्या कारखान्यात
चौतीस वर्षं गोळ्यांची पाकिटं मोजली तिने.
मला बोलता येण्याआधी तिने शिकवलेलं व्याकरण हे:
'ते' म्हणायचं तर बोट दाखवावं लागतं.
समोर नसलेल्यालाही हवेत जागा द्यावी लागते,
आणि मग दर वेळी बोट तिथेच न्यावं लागतं.

मी 'ते' खाडीकडे ठेवले.

पहिल्या रांगेतल्या मढवी आजोबांनी मान वळवून पाहिलं.
कांदळवन, एक पालथी होडी,
सहासात फ्लेमिंगो, चिखलात चोची घालून.
आजोबा परत वळले. भुवया वर: कोण?

साहेब म्हणाले, वाळवी.
वाळवीची खूण: डाव्या मनगटावरून कोपराकडे
उजवी बोटं चालवायची.
चालवली. सगळ्यांना लगेच कळलं.
म्हणाले, वाळवी लागलेलं लाकूड कुणी घरात जपतं का?
म्हणाले, साफसफाई. या वेळी मुळापासून.
म्हणाले, वह्या तयार आहेत, गल्लीवार, मजल्यावार.
मी काही बोललो नाही हां, म्हणाले, आणि डोळा मारला.
तो मला सांगावा लागला नाही.

दुसऱ्या रांगेत नाझनीन मुकादम.
तुर्भ्याच्या मसाला बाजारात मिरची निवडते,
नखं कायम लाल.
तिला मीच आणलं होतं. चल, छत्री मिळेल.
तिने बोट उचललं, मी ठेवलेल्या जागेकडे नेलं, खाडीकडे,
तिथून ओढत ओढत
स्वतःच्या छातीपर्यंत आणलं
आणि तिथे धरून ठेवलं.

आमच्यात टाळी म्हणजे दोन्ही पंजे वर करून हलवायचे.
मागच्या हजारोंनी एकेक हात उचलला, ताठ, साहेबांसारखा.
आजोबांना वाटलं टाळ्या चालल्यात.
त्यांनीही पंजे हलवले, अगदी खुशीत.

मी हात खाली घेतले.
जबाबदारी झटकायची तर हात वर करतात म्हणे.
खाली करूनही जमतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
संयोजकाने कोपऱ्यातून बोटं फिरवली: चालू ठेवा.
त्याला आमची भाषा येत नव्हती. एवढी एकच खूण येत होती.

पुढे काय केलं ते रेकॉर्डिंगमध्ये आहे.
चौकोन लहान आहे, मोठा करून बघावा लागतो.
कुणी बघत नाही.

नाझनीन छत्री खुर्चीवर ठेवून गेली.

रात्री गॅलरीत उभी राहून मी 'ते' पुन्हा म्हणून पाहिलं.
घणसोलीकडे बोट नेलं. दिघ्याकडे. कळव्याच्या दिव्यांकडे.
जिथे नेलं तिथे कुणाच्या ना कुणाच्या
खिडकीत कपडे वाळत होते.

व्हाउचर महिन्याने आलं.
दोन तास, एक हजार रुपये फक्त.
कामाचे स्वरूप: हातवारे.