मागच्या सीटवरून

चाळीस वर्षं पणजीचे फोटो काढले
आणि गाडी चालवायला शिकलो नाही.
म्हणून इनास.
चर्चच्या पायऱ्यांखाली, पायलटांच्या स्टँडवर,
काळी मोटरसायकल, पिवळा मडगार्ड.
मी दिसलो की आधी विडी विझवायचा,
उरलेली कानावर ठेवायचा,
मग विचारायचा, "खंय, पात्रांव?"
मला कधीच ठाऊक नसायचं.
"खंयूय," मी म्हणायचो.

खंयूय म्हणजे
बेतीच्या फेरीबोटीत उभ्याउभ्या डबा खाणारा कारकून,
एका हातात सरकारी फाईल, दुसऱ्यात बांगडे.
मळ्याच्या उतारावर हरवलेली चप्पल
बोळाबोळातून विचारत फिरणारं पोर.
अठरा जून रस्त्यावर शटर अर्धं ओढून
आत मशीनवर डोकं टेकून झोपलेला शिंपी.
मार्केटात संध्याकाळी अबोलीच्या वळेसरांवर
पाणी मारणारी रुक्मा च्यारी. तिला वाटायचं,
फोटो काढला की फुलं लवकर सुकतात.
तिच्याकडून रोज एक वळेसर घ्यावा लागे.
बायकोला त्याचं वेगळंच कौतुक.

पोट मात्र पासपोर्टवर चाललं.
अर्धं शहर माझ्या स्टुलावर बसून,
कान दिसतील असे केस मागे सारून,
लिस्बनला गेलं, कुवेतला गेलं, बोटीवर गेलं.
एकेकाला मीच सांगितलं, हसू नका.

दिल्लीच्या एका मासिकाला हव्या होत्या
निळ्या भिंती, जमल्यास खिडकीत मांजर.
भिंत पाठवली. तिच्यापुढे
विजेचं मीटर वाचणारा माणूस, चष्मा कपाळावर.
चेक आला नाही.

पावसात लेन्सना बुरशी धरायची.
तांदळाच्या बरणीत ठेव, बायको म्हणाली.
ठेवल्या. आमच्याकडे पाहुण्यांना
भातात एकदा लेन्सचं टोपण सापडलंय.

इनास गेला मार्चात.
पेर्पेत आली स्टुडिओत, काळ्या कपड्यांत,
खुर्ची पुढे केली तरी उभीच.
महिन्याच्या मिसाला पेपरात द्यायला फोटो हवा.
"लायसनवरचा आहे, पण त्यात चोर दिसतो.
तुम्ही तर एकतीस वर्षं त्याच्याबरोबर.
तुमच्याकडे असणारच."

असणारच.

तीन रात्री दिव्याच्या काचेवर वाकून
अकराशे रोल पाहिले.
डांबरावर त्याच्या टोपीची सावली.
हँडलवरचं कोपर, फोकसबाहेर.
चौकटीच्या कडेला अर्धा मडगार्ड, नंतर छापताना कापलेला.
एका ठिकाणी गाडीचा आरसा सापडला, श्वास थांबला,
आरशात मीच. तोंडाला कॅमेरा.
थांब म्हटलं की थांबायचा.
जरा बाजूला हो म्हटलं की व्हायचा.
इतकी वर्षं मी त्याला
बाजूला हो म्हणत होतो.

चौथ्या दिवशी, पाटोच्या पुलाजवळचा एक रोल.
काय टिपायला गेलो होतो आठवत नाही,
ट्रक बंद पडला होता, वाहनं अडकली होती,
आणि रोल संपवायचा म्हणून दाबलेली शेवटची फ्रेम:
एक मान.
वस्तऱ्याने सरळ कापलेले केस, कानावर विडी,
घामाचे तीन ओघळ,
पांढऱ्या शर्टाची कॉलर.
दुसरं काही समोर नव्हतंच,
म्हणून लख्ख.

मोठा करून छापला. द्यायला लाज वाटत होती.
हा पेपरात चालणार नाही, म्हटलं.
ती खिडकीशी घेऊन गेली.
बराच वेळ बोलली नाही.
मग कॉलरवर बोट ठेवलं.
"विरली होती. उसवून मी उलटी शिवली,
आतली बाजू बाहेर. शेजारणींना कळू नये म्हणून
रात्री बसून."
माझ्याकडे न बघता विचारलं,
"कळत नाही ना?"

टाके मोजता येत होते.

नाही, म्हटलं.