कडी गळून पडेपर्यंत

ऐन मे महिन्यात कूलरवाल्यानं सुट्टी घेतली
म्हणजे घरात कुणी गेलं असेल, असं धरतात गिऱ्हाइकं.
नाही हो, मुलाची सुंता आहे, मी फोनवर म्हणालो.
पलीकडे त्रिमूर्तीनगरचे बोकारे काका
क्षणभर गप्प. मग म्हणाले,
बरं राहो पोट्टं. पंपाचं उद्या पाहू.

हंसापुरीचा दवाखाना, सकाळचे आठ,
ऊन अजून खालच्या पायरीवर.
बावीस दिवसांचा उमैर तहसीनच्या ओढणीत झोपलेला.
नंदेश्वर सिस्टरनं त्याला उचललं
आणि दार लागलं.

अब्बा बाकावर. त्यांच्या वेळी खलिफा घरी यायचा,
वस्तरा, बांबूची काडी, चुलीतली राख.
सात वर्षांच्या अब्बांना सगळे म्हणाले होते,
वर बघ, वर बघ, सोन्याची चिमणी!
"पाहिलं ना बे मी," अब्बा म्हणाले,
"कोळ्याचं जाळं होतं."

आतून एकदाच आवाज आला, सुतासारखा.
तहसीननं माझं मनगट धरलं.
बांगड्यांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

सिस्टर बाहेर आली, बोट साखरपाण्यानं चिकट,
सांगत गेली, मी बिलाच्या पाठीवर लिहीत गेलो:
आठ तासांत सू व्हायला हवी. नाही झाली तर फोन.
लंगोट सैल.
रक्ताचा ठिपका रुपयाएवढा, चालेल.
पसरत राहिला तर स्वच्छ कापडानं दाबून धरा
आणि तसेच इकडे या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.
कोमट पाणी, बास. हळद नाही, पावडर नाही,
कुणाच्या फुफूनं दिलेलं तेल नाही.
सूज येईल, लाल दिसेल, तिसऱ्या दिवशी पिवळी साय धरेल.
तो पू नाही. खरवडू नका.
प्लास्टिकची कडी ओढायची नाही, आपली आपण पडेल.
मागे सरकली, किंवा दहा दिवस उलटले, तर दाखवा.
"आणि अंग तापलं, दूध सोडलं, तर वाट पाहात बसायचं नाही बाप्पा."

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी त्यानं सू केली,
माझ्या शर्टावर, खिशातल्या बिलावर.
घरात ईदसारखी आरोळी उठली.
शाई पसरली, पण "फोन" एवढा शब्द वाचता येत होता.

फुफू आलीच. तेल घेऊन आली.
तहसीननं ते तिच्याच गुडघ्यांना चोळून दिलं.

तिसऱ्या रात्री लाइट गेली, कूलर बसला,
मोबाइलच्या उजेडात लंगोट उघडला, आणि पिवळं.
मला माहीत होतं. लिहूनही घेतलं होतं.
तरी पोटात खड्डा पडला.
दीड वाजता सिस्टरला फोन लावला.
तिनं नावही विचारलं नाही. "दूध पितो का? ताप?
मग झोपा आता."
तो पीत होता, गटागट, एक डोळा आमच्यावर ठेवून.
आम्ही नाही झोपलो.

गच्चीवर लंगोट वाळत घालायचं काम माझ्याकडे.
या उन्हात शेवटच्याला चिमटा लावेपर्यंत
पहिला पापडासारखा कडक.
हातांनी चुरगाळून मऊ करायचो, मगच खाली.

आठव्या दिवशी सकाळी कडी लंगोटात सापडली,
पंपाच्या वॉशरहून लहान.
खाली कातडी नवीन, जराशी ओली, गुलाबी.
आणि तो, पाय झाडत, कशाचंच काही नसल्यासारखा.

अब्बांनी कडी चिमटीत धरली,
एक डोळा मिटला, तिच्यातून वर छताकडे पाहिलं.
बराच वेळ.
मी विचारलं, काय दिसतं?
"पंखा," अब्बा म्हणाले. "साफ कर बे त्याला."

फोन वाजला. बोकारे काका.
कसं आहे पोट्टं?
आता बरं आहे, म्हणालो. दूध पितं, रडतं.
हं, रडू दे, म्हणाले, आणि ठेवला.
पंपाचं आठवलं ते मला,
अर्ध्या तासानं, पंख्याखाली स्टुलावर चढलेलो असताना.