शीग

खात्याचं पहिलं कपाट पत्र्याचं, त्याची किल्ली माझ्याकडे.
मी टंकलेखक, तमालेच्या विद्यापीठात,
अर्थशास्त्राच्या मागच्या खोलीत,
जिथे हरमाटानची धूळ कुलपातूनही आत यायची.

पुस्तकं तेव्हा सगळी बाहेरची:
मोटारींचे कारखाने, साखळी दुकानं,
बर्फात उभी असलेली ऑफिसं.
पोरं ती उदाहरणं घोकून पास व्हायची
आणि सुट्टीत आईच्या पालाखाली बसून
हिशेब आईलाच विचारायची.

मग वुनपिनीबाई आल्या. डॉक्टर, पण मोपेडवर.
त्यांची पहिली प्रश्नावली मीच टाईप केली,
परदेशी नमुन्यावरून, जशीच्या तशी.
प्रश्न चौथा: आपल्या संस्थेत वरिष्ठ कोण?
योग्य चौकटीत खूण करा.

शियाबिया विकणाऱ्या बायकांची कारभारीण,
मगाजिया सानातू,
चौकट न्याहाळून म्हणाली,
"एवढ्याशा खणात माझी मेलेली सासू मावायची नाही,
आणि भाव अजून तिच्या शब्दावर ठरतो."
बायका इतक्या हसल्या की गिनी कोंबड्या उडाल्या.

बाई हसल्या नाहीत.
पोत्याला टेकून बसल्या तीन बाजारदिवस.
मगाजिया माप भरायची काठोकाठ,
आणि थांबायची नाही.
वर ओंजळ, आणखी ओंजळ,
शीग घसरेपर्यंत.
कुणाला किती, ते कुठल्याच वहीत नव्हतं.
विधवेला उंच.
गेल्या साली उधारी बुडवली त्याला सपाट,
पण माप त्यालाही.
नव्या सुनेला इतकी, की ती दुसरीकडे जाणारच नाही.

"इद्रिसू, घे टाईप कर," बाई म्हणाल्या,
"इथे पत, विमा, दंड आणि जाहिरात
एकाच ओंजळीत असतात."
रिबन सुकली होती. एकेक अक्षर दोनदा ठोकलं.

सात महिन्यांनी पत्र आलं, जाड कागदावर.
निरीक्षण रोचक आहे.
परंतु हे स्थानिक उदाहरण, सिद्धान्त नव्हे.
शीग वगळून आकडे पुन्हा मांडावेत.

बाईंनी ते पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.
"मोटारींचा कारखानासुद्धा
कुठल्यातरी गावातच असतो ना रे?"

त्या वर्षी आमचं नियतकालिक निघालं.
साठ प्रती, टाचण्या माझ्या.
कुमासीचे ट्रकचे सांगाडे बांधणारे आणि त्यांचे उमेदवार,
कानोचे रंगारी, बोल्गाच्या टोपल्यांचे दलाल.
भांडणंही निघाली. परिषदेत किनाऱ्याकडचा एक प्राध्यापक उठला:
"तुमची शीग आमच्या मासळीबाजारात चालत नाही.
तुम्ही आम्हाला तेच करताय, जे त्यांनी तुम्हाला केलं."
सभागृह गप्प.
बाईंनी हे वाक्य इतिवृत्तात घ्यायला लावलं, शब्दशः.
आणि कुणीतरी मागून विचारलं, प्रदेश म्हणजे नक्की काय?
एक म्हातारे हौसा व्यापारी, चहासाठी आत आलेले, म्हणाले,
"ज्याच्यापासून तुम्ही लांब उभे असता, तो."

आता खात्याला पाटी आहे, एसी आहे,
मी निवृत्त आहे.
शीग-निर्देशांक म्हणून मोजपट्टी आहे, एक ते पाच,
ती लांबलांबच्या विद्यापीठांत वापरतात म्हणे.
फरीदातू नावाची पोर परवा ती घेऊन बाजारात गेली,
सानातूच्या लेकीकडे.

लेक म्हणाली, "चार लिही.
पाऊस नाही झाला तर दोन.
तू उन्हातून चालत आलीस, तर पाच.
आणि हा प्रश्न कुणी काढला गं?
बाजारात कधी बसला नव्हता वाटतं."

फरीदातू थेट माझ्या दारात.
"काका, हे सगळं कुठे लिहू? टॅब्लेटमध्ये जागाच नाही."

किल्ली अजून माझ्याकडेच होती.
कपाटात ते पत्र, पिवळं पडलेलं,
आणि खालच्या खणात पहिल्या प्रश्नावलीचे उरलेले गठ्ठे.
त्यातला एक तिला दिला.
"पाठकोरे आहेत," म्हटलं.