चावी पलीकडे

खाडीच्या मध्यावर, फेरीबोटीत,
तिकिटाला सुटे काढायला खिशात हात घातला
आणि हाताला चावी लागली.

क्रशरची नव्हे. क्रशरच्या स्विचवरल्या कुलपाची.
लाल कुलूप, त्याला नायलॉनच्या दोरीनं बांधलेली पाटी,
पाटीवर माझंच वाकडं अक्षर:
मुश्ताक परकार. आत हात आहे.
सुपरवायझर म्हणालेला, नुसतं 'काम चालू' लिही.
मी हात लिहिला.

मागे दाभोळ लहान होत चाललं होतं.
बर्फ कारखान्याच्या धक्क्याला नऊ लाँची थांबलेल्या,
लाद्या तयार, क्रशरला दाते नवे बसवलेले,
आणि ओहोटी काही कुणाच्या चावीसाठी थांबत नाही.

पुढचं मला नंतर कळलं.
हरेश चोगले लोखंडी करवत घेऊन आला.
"मुश्ताकला फेरीत चढताना मी या डोळ्यांनी बघितलाय.
मग आत कोण, त्याचं भूत?"
खरंच होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.
मालकानंही फोनवर सांगितलं, कापा.

धोंडू भुवड स्टूल ओढून स्विचसमोर बसला.
उजव्या हाताला उरलेल्या दोन बोटांत विडी,
नेहमीसारखी विझलेली.
"माज्या टायमालाबी," तो म्हणाला,
"सगळ्यांना ठाऊक व्हतं, आत कोन नाय."

मग करवत कुणी कुठे ठेवली
कुणालाच आठवत नाही.

मी धोपाव्याला उतरलोच नाही,
त्याच फेरीनं मागे.
तोवर पाणी उतरलं, तीन लाँची चिखलात बसल्या,
आणि भरती येईपर्यंत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

कुलूप काढण्याआधी आत वाकून पाहिलं.
हाकही मारली, कोण हाय का रं?
लोक हसले.
आत कोणी नव्हतं. गारवा होता,
आणि दात्यांच्या बेचक्यात भाताचं थोडं तूस.

चोगले महिनाभर बोलला नाही.
काल धक्क्यावर शेजारी येऊन उभा राहिला, दुसरीकडे बघत.
त्याच्या लाँचीच्या विंचात पोराची बाही गेली होती म्हणे.
नुसती बाही.
बराच वेळ तो बांगड्याच्या टोपल्या मोजत राहिला.
मग भाव विचारावा तसं विचारलं,
"तसलं कुलूप कितीला पडतं रे?"