चौदाच्या खाली

इंजिन बंद करू नकोस, कासिमअली. बाजूला हो फक्त.
कुमीस घुसळायची ही रवी,
एक टोक अल्टरनेटरला, दुसरं माझ्या कानाला.
नवऱ्याने शिकवलं हे ऐकणं.
स्वतःच्या छातीतलं त्याने ऐकलं नाही,
ते जाऊ दे.

ये, तूही ऐक.
वाळू चावल्यासारखं काही?
बेअरिंग.
तू हे उन्हाळ्यापासून ऐकतोयस
आणि रेडिओ मोठा करतोयस.

बॅटरी कितवी ही? तिसरी?
पहिली बिश्केकच्या बाजारातली,
दुसरी मेव्हण्याची, अजून उधार,
तिसरीपायी काल कोचकोरला मेंढी विकलीस.
दुखणं घोड्याला, डाग खोगिराला!
बॅटरी म्हणजे कणगी रे,
पडेल तेवढंच निघणार.
दळणारा हा आहे, पट्ट्याला जुंपलेला.

मीटर धर. बारा पॉइंट तीन.
चौदाच्या आसपास हवा काटा.
आता दिवे लाव.
अकरा पॉइंट नऊ.
पाय दाब. बघ, भिंतीवरचा उजेड जागा झाला.
सोड. पेंगला.

किती धावला असेल?
तुझ्या किलोमीटरचा आकडा तर कधीचा मेलाय.
बसवला तेव्हा आयपेरी पहिलीत होती, आता सातवीत,
आणि दर आठवड्याला नारिन-बिश्केक, जाऊन-येऊन सहाशे.
कर हिशेब.
दीड लाखानंतर मी म्हातारा म्हणते,
दोन लाख गेला तर उठून उभी राहते.
एखादा सत्तर हजारांतच जातो, वरून तेल ठिबकत असलं तर.
नेम नाही.

लाल दिवा कधी लागला?
लागलाच नाही म्हणतोस.
मग डॅशबोर्डवर ही काळी टेप कसली?

काढ.

बरं.
आता खरं सांग, दोलोनच्या घाटात काय झालं.
आधी रेडिओ बंद. मग हीटर.
मग वायपर, दर चार मिनिटांनी एकदा.
मग सरळ रस्त्यावर दिवेसुद्धा,
बर्फावर चांदणं होतं म्हणून.
मागे चार माणसं, एकाच्या मांडीवर खिडकीची काच,
सगळी झोपलेली.
झोपलेली होती म्हणून तू हे आज सांगतोयस.

नुसते ब्रश बदलू?
बदलले असते, दोन दिवसांचं दूध घेऊन.
पण इथे नख फिरव, या कड्यावर. अडकलं ना?
चर पडलीय. नवे ब्रशही हीच चर खाईल.

माझ्याकडे एक आहे, अपघातातल्या पासाटचा,
चाळीस हजारांच्या आतला, असं विकणारा म्हणाला.
मी रवी लावून ऐकलाय. गप्प आहे.
पैसे लोकर कातरल्यावर दे.
टेप इकडे आण, पाण्याच्या नळीला लागेल.

हं. फिरव चावी, अर्धीच.
दिवा आधी लागला पाहिजे.
मग इंजिन धरलं की विझला पाहिजे.
लागलाच नाही
तर तेही मला येऊन सांगायचं.