कळ

सकाळी आठला मी उंदीर मोजते.
बत्तीस.
वेंगुर्ल्याच्या फार्मसी कॉलेजचा वरचा मजला,
खिडकी उघडली की वाळत घातलेल्या बांगड्यांचा वास
माझ्याआधी कोट घालून उभा.

प्रयोग साधा आहे.
भिंतीतून एक कळ बाहेर येते, तिच्यावर दिवा लागतो,
आठ सेकंद. मग ती आत जाते
आणि पलीकडच्या वाटीत गोड गोळी पडते, टक्.
कळ दाबायची गरज नाही.
खरं तर काहीच करायची गरज नाही.

नऊ नंबर शहाणा. दिवा लागला की वाटीपाशी जाऊन बसतो,
पान मांडलेल्या पाहुण्यासारखा.
सात नंबर धावतो कळेकडेच.
हुंगतो, चाटतो, पुढच्या दोन्ही पायांत धरून कुरतडतो,
गोडी जणू लोखंडात आहे.
गोळी पडून राहते. आठवली तर खातो.

मग आम्ही गोळ्या बंद केल्या.
नऊने चार दिवसांत ओळखलं, पाठ फिरवली, झोपला.
सात अजून चावतोय.
वहीत मी लिहिते : आज एकशे बारा वेळा.

पुढच्या महिन्यात गोळीच्या जागी औषध,
मानेतल्या नळीतून थेट रक्तात.
आई विचारते, "औषध घालतंस, तर मरत कशे नाय ते?"
कार्व्हालो मॅडम म्हणतात, खरं काय ते तेव्हा कळेल.
कुणाचं, ते सांगत नाहीत.

रवळूने सोडली त्याला येत्या शिमग्याला वर्ष.
नाक्यावरचा बार त्याच्याही आधी बंद पडला,
शटरला खारा गंज, पायरीवर कुत्री.
फक्त पाटीवरचा निळा बल्ब काढायचा कुणीतरी विसरलं.
संध्याकाळी सातला तो पेटतो.
वीज कुणाच्या नावावर, देव जाणे.

काल रिक्षातून येताना दिसला मला,
बल्बखाली, चपला नीट बाजूला काढून,
देवळात काढतात तशा.
"पीत नाय गो मी," म्हणाला, "नुसतो उभो रवतंय."
खोटं नव्हतं. तोंडाला वास नव्हता.
घशातली घाटी तेवढी वर गेली, खाली आली,
रिकामंच गिळलं त्याने.
माझ्या पोटात उठली ती
काय होती, त्यालाही मराठीत तोच शब्द आहे.

घरी वहिनीने पेज झाकून ठेवलेली,
वर लोणच्याची फोड. थंड झाली.

शिडी आणून तो बल्ब काढावा, रोज वाटतं.
पाच मिनिटांचं काम.
पण बल्ब गेल्यावर रवळू संध्याकाळी सातला
कुठे जाऊन उभा राहील,
हे वहीत नाही.

आज पिंजरे धुताना दिवा लावलाच नव्हता मी.
सात नंबर तरी भिंतीपाशी होता,
कळ जिथून येते त्या फटीला नाक लावून.
आकडा लिहायच्या रकान्यात
मी बराच वेळ काही लिहिलं नाही.